श्रवणसुखाचा ताळेबंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबाने गावभागातील जुना वाडा सोडून विश्रामबागेत नवा फ्लॅट घेतला. गृहप्रवेश झाला, फर्निचर लागले, आणि एका संध्याकाळी दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपल्यावर थोरल्या चिरंजीवांनी वडिलांसमोर एक कागद ठेवला. तो ध्वनियंत्रणेच्या एका दुकानाचा अंदाजपत्रक-कागद होता. एव्ही रिसीव्हर ७५,०००, पाच स्पीकर १,१०,०००, सबवूफर ४०,०००, वायर, स्टँड आणि बसवणूक ३५,०००. एकूण रुपये २,६०,०००.

अण्णांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "हे किती वर्षं टिकणार?" एवढेच त्यांनी विचारले.

"अण्णा, हे काय आपण रोज घेणार आहोत? एकदाच होणारा खर्च आहे."

नवे घर लावताना 'एकदाच होणारा खर्च' हे शब्द ज्या घरात ऐकू आले नाहीत, असे घर सापडणे कठीण. मॉड्युलर किचन एकदाच, फॉल्स सीलिंग एकदाच, झुंबर एकदाच. अशा एकेकट्या खर्चांची बेरीज कोणी करत नाही, कारण प्रत्येक खर्च स्वतंत्रपणे क्षम्य वाटतो. चिरंजीव मात्र उधळे नव्हते. पहाटेपासून यार्डातील आवक, नमुने, सौदे आणि वसुली सांभाळणारा तो कर्ता मुलगा. सिनेमा हा त्याचा एकमेव विसावा. त्याची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, आणि अण्णांनी ती तशी नेलीही नाही. त्यांचा प्रश्न निराळा होता. असा आकडा मुळात कोणत्या आधारावर ठरवायचा?

दुकानदाराकडे त्याचे उत्तर तयार होते. इतक्या किमतीचा फ्लॅट घेतलात, त्याच्यापुढे अडीच लाख ते काय! हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण फ्लॅटच्या किमतीचा आणि कानाचा काही संबंध नाही. त्याच दुकानात पाच लाखांची यंत्रणाही मांडून ठेवलेली होती. तिच्यासमोर अडीच लाखांची यंत्रणा मध्यममार्गी भासावी, हाच त्या मांडणीचा हेतू असतो. हळदीच्या सौद्यात वरच्या प्रतीचा ढीग आधी दाखवून मधल्या प्रतीचा भाव पटवून देणाऱ्या अण्णांना ही रीत नवी नव्हती.

पुढचा मुद्दा हप्त्यांचा. २४ मासिक हप्ते, प्रत्येकी १०,८३३ रुपये, आणि व्याज शून्य. रोख देणार असाल तर २०,००० रुपये सूट. या दोन वाक्यांमध्येच सारे उघड होते. रोखीची किंमत २,४०,००० असेल, तर हप्त्यांनी जाणारे जादा २०,००० हे व्याजच होय, आणि घटत्या शिलकेवर हिशेब केला तर ते दरसाल पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडते. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. शब्द बदलले, व्यवहार राहिला. पावणेआठ टक्के हा दर तरी सौम्य म्हणावा लागेल. 'फ्लॅट' १० टक्क्यांचे कर्ज दोन वर्षांसाठी घेतले, तर घटत्या शिलकेवर त्याचा खरा दर १८ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ही गोष्ट अर्जावर सही करताना फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

चिरंजीवांनी मग तिसरा मार्ग सुचवला. "पेढीच्या खात्यातून घेऊ. बिल पेढीच्या नावाने करू, म्हणजे जीएसटीचं क्रेडिटही मिळेल."

व्यापारी घरांत हा मार्ग इतका सर्रास चोखाळला जातो की त्यात काही गैर आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे. वस्तुतः केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७(५) मध्ये वैयक्तिक उपभोगासाठी वापरलेल्या वस्तूंवरील कराचे क्रेडिट स्पष्टपणे नाकारलेले आहे, आणि घरच्या हॉलमधील सबवूफर हळदीच्या अडतीसाठी लागतो, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवून देणे अशक्य आहे. वैयक्तिक खर्च धंद्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी पेढीची वही डागाळण्यास अण्णा तयार नव्हते. शिवाय पेढीचे कॅश क्रेडिट खाते होतेच. नव्या हळदीची आवक सुरू झाली की त्या खात्यातील प्रत्येक रुपयाला काम असते. तेथून २,६०,००० उचलले आणि दर १० टक्के धरला, तरी वर्षाला २६,००० रुपये व्याज पडते, आणि ते यंत्रणेच्या बिलावर कोठेच दिसत नाही.

अखेर मर्यादा ठरली ती अशी. पेढीला हात लावायचा नाही, अडीअडचणीची ठेव मोडायची नाही. घरखर्चातून दरमहा जे २५,००० रुपये मागे पडतात, त्यातून सहा महिन्यांत भरून निघेल एवढीच रक्कम. म्हणजे १,५०,०००. आकडा अण्णांनी कागदावर लिहिला आणि मगच दुकाने पाहायची असे ठरले. अक्कांना, म्हणजे अण्णांच्या मातोश्रींना, यात नवल वाटले नाही. परिग्रहाचे परिमाण वस्तू पाहण्याआधी करायचे असते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. आपल्या साड्यांची संख्या त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकली आहे.

मर्यादा ठरली, पण त्या मर्यादेत घ्यायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. येथे सूनबाईंनी पुढाकार घेतला. त्या पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीधर. त्यांनी टीव्हीशेजारी एक वही ठेवली आणि पंधरा दिवस घरातील कोण, काय, किती वेळ ऐकते याची नोंद केली. अक्का रोज सकाळी दीड तास टीव्हीवरील प्रवचन आणि स्तवने ऐकत. अण्णा यार्डातून परतल्यावर अर्धा तास नाट्यसंगीत किंवा अभंग लावत, तेही मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर. नातवाची कार्टूने होती, ती मोजण्यात अर्थ नव्हता. आणि सिनेमा? पंधरा दिवसांत एक, अडीच तासांचा. दुसऱ्या रविवारी चिरंजीव सिनेमा सुरू होताच सोफ्यावर झोपी गेले होते. तेही वहीत प्रामाणिकपणे नोंदवलेले होते.

या वहीने वादाचे स्वरूपच पालटले. पंधरवड्याला अडीच तास म्हणजे वर्षाला सुमारे ६० तास. रिसीव्हरचे उपयुक्त आयुष्य सात वर्षे धरले तर ४२० तास; २,६०,००० भागिले ४२०, म्हणजे तासाला सुमारे ६२० रुपये. हे गणित पूर्ण न्याय्य नव्हे हे खरे, कारण त्याच यंत्रणेवर प्रवचन आणि गाणीही लागली असती. पण प्रवचनाला आणि अभंगाला पाच स्पीकर लागत नाहीत. अण्णांच्या आवडीच्या जुन्या पदांचे मूळ ध्वनिमुद्रण ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचे. ते एकाच वाहिनीचे असते, आणि घरात पाच स्पीकर मांडले तरी मुळात नसलेले त्यातून काही बाहेर येणार नाही.

सबवूफरविषयीही असेच. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा. तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या जवळपास. सहा इंची वूफर असलेला बरा, साधा स्पीकर तेथपर्यंत सहज उतरतो. त्याखालील २० ते ५० हर्ट्झचा प्रदेश मुख्यतः पडद्यावरील स्फोट, भूकंप आणि विमाने यांचा. ज्याला तो हवा त्याने अवश्य घ्यावा. फक्त तो अभंगासाठी घेतो आहोत, असे स्वतःला सांगू नये.

यंत्रणेच्या टिकाऊपणाबद्दलचा अण्णांचा पहिला प्रश्न आता पुन्हा पुढे आला. त्याचे उत्तर एक नसून दोन आहेत. स्पीकर आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचा घसारा अगदी भिन्न दराने होतो. फिरत्या कॉइलच्या स्पीकरची जी रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली, तीच तत्त्वतः आजही चालू आहे. मागे दोन खिट्ट्या, एक लाल, एक काळी. तीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आजच्या अ‍ॅम्प्लिफायरला बिनतक्रार जोडता येतो. शंकूभोवतीची कड फोमची असेल तर ती दमट हवेत काही वर्षांनी भुगा होऊन गळते. रबराची असेल तर दीर्घकाळ टिकते. घेताना बोट लावून पाहावे एवढेच. एव्ही रिसीव्हरची गोष्ट निराळी. एचडीएमआयची १.४ आवृत्ती २००९ मध्ये आली, २.० ही २०१३ मध्ये, २.१ ही २०१७ मध्ये. डॉल्बी अ‍ॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये. प्रत्येक पायरीला आधीचे धडधाकट यंत्र 'जुने' ठरले. हरिपूरच्या पेवांत उतरवलेली हळद वर्षानुवर्षे राहत असे. रिसीव्हर कपाटात ठेवला तरी जुना होतो. म्हणून खर्चाचा मोठा वाटा स्पीकरवर आणि लहान वाटा यंत्रावर, ही जुन्या शौकिनांची रीत व्यापारी दृष्टीनेही बरोबर ठरते.

वॅटचा घोळही याच वेळी मिटला. जुन्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-हजार वॅट छापलेले असत, ते अनेकांना आठवत असतील. त्या आकड्याला व्यवहारात काहीही अर्थ नव्हता. आज निदान आरएमएस वॅट सांगतात. तथापि ५० वॅटऐवजी १०० वॅटचे यंत्र घेतले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही समजूत अद्याप गेलेली नाही. वॅट दुप्पट केल्यास आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवण्याइतका. आवाज दुप्पट वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. मध्यम प्रतीच्या स्पीकरवर तीन मीटर अंतरावर नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना प्रत्यक्षात एखादाच वॅट खर्च होत असतो. बाकीची क्षमता तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी राखीव. ती हवी, पण तिचा भाव वॅटमागे देण्याचे कारण नाही.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट दुकानाच्या कागदावर नव्हतीच. सूनबाईंनी रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवली. टाळीनंतर भिंतींमधून एक कर्कश झंकार उमटला आणि काही क्षण रेंगाळला. हॉल १६ फूट बाय १३ फूट, उंची १० फूट. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, एका बाजूस काचेची सरकती दारे, भिंती नव्याकोऱ्या आणि उघड्या. अण्णांना एकदम जुन्या वाड्यातील माजघर आठवले. तेथे मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, तक्के, गाद्या, कोनाड्यात रेडिओ. त्या रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन नूतनीकरण करून आणावा लागे, आणि त्यावर लागलेली आकाशवाणीची गाणी कशी मऊ, जवळची वाटत. ती मऊपणाची कमाई एकट्या रेडिओची नव्हती. अर्धी त्या खोलीची होती.

खोलीचा हा हिस्सा पहिल्यांदा मोजला तो अमेरिकेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे वक्त्याचे काहीच कळत नसे. १८९५ मध्ये हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या-थोड्या मांडत ऑर्गनच्या एका नळीचा आवाज किती वेळ रेंगाळतो ते घड्याळ लावून मोजले, आणि सकाळ होण्यापूर्वी उशा परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा जास्त, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो कमी. त्या सूत्राने सूनबाईंनी आपल्या हॉलचा हिशेब मांडला. आहे त्या स्थितीत घुमारा सुमारे दीड सेकंद. काचेच्या दारांवर चुण्या घातलेले जाड पडदे आणि सोफ्यापुढे लोकरी गालिचा टाकल्यास तो पाऊण सेकंदावर येईल. दोन्हींचा खर्च १६,५०० रुपये. दुकानाने बसवणुकीचे लावलेले पैसे याच्या दुप्पट होते, आणि त्यात पडदा नव्हता.

मग कोल्हापूरला दुसऱ्या एका दुकानात जाणे झाले. तेथील ऐकण्याच्या खोलीत जमिनीवर गालिचा आणि भिंतींना कापड लावलेले होते, ही गोष्ट आता साऱ्यांच्या लगेच लक्षात आली. विक्रेत्याने ३२,००० ची आणि ८५,००० ची अशा दोन जोड्या आळीपाळीने ऐकवल्या. महाग जोडी निःसंशय सरस वाटली. सूनबाईंनी मोबाइलवरील आवाज मोजण्याचे अ‍ॅप उघडले, तेव्हा दिसले की महाग जोडी दोन डेसिबल मोठी वाजत होती. यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही. काही स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये जात्याच मोठे वाजतात. पण दोन डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' असा वाटत नाही, 'चांगला' असा वाटतो, आणि तेथेच ग्राहक फसतो.

आवाज समान करून घेतला. अण्णांनी स्पीकरकडे पाठ फिरवली. एकच अभंग पाच वेळा, कधी या जोडीवर, कधी त्या. महाग जोडी कोणती हे अण्णांनी पाचांपैकी तीनदा बरोबर ओळखले, दोनदा चुकले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी याहून फार वेगळे झाले नसते. चिरंजीव चारदा बरोबर ठरले. त्याचे कान तरुण, आणि महाग जोडीचा खालचा स्वर खरोखरच थोडा भरदार होता. फरक नव्हताच, असे म्हणता येणार नाही. त्या फरकाची किंमत ५३,००० आहे काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर चिरंजीवांनीच दिले. "अण्णा, डोळे उघडे असताना मला जेवढा फरक वाटला होता, तेवढा नाही."

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हेच शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून दिले होते. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरना गुण जास्त पडले आणि लहान, स्वस्त संचाला कमी. पडदा लागताच ते अंतर घटले. ते श्रोते ध्वनी-उद्योगातच नोकरी करणारे होते, हे विशेष.

वायरीचे फार लांबवण्याचे कारण नाही. दुकानाच्या पहिल्या कागदात मीटरमागे काही शे रुपयांची खास वायर होती. घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन दहा मीटर धरली, तर तिचा रोध ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा ८ ओहम. एक टक्काही नाही. वायर यार्डाजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आली, ६०० रुपयांत.

एवढे झाल्यावर हिशेब ३२,००० चे स्पीकर, २२,००० चा साधा दोन वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, पडदे-गालिचा १६,५०० आणि वायर ६०० असा ७१,१०० वर थांबला. मर्यादेतील निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक होती. चिरंजीवांनी साहजिकच सबवूफरकडे पाहिले, आणि त्यांना ते कोणी नाकारलेही नसते. पण सूनबाईंच्या वहीत आणखी एक नोंद होती, तिच्याकडे आतापर्यंत कोणाचे लक्ष गेले नव्हते. सकाळी अक्का टीव्ही पाहत असताना आवाजाचा आकडा ४२ वर असे. इतर वेळी १८ वर.

"आजी, टीव्हीचा आवाज कमी पडतो का हो तुम्हाला?" सूनबाईंनी विचारले.

"आवाज येतो गं," अक्का म्हणाल्या. "महाराज बोलतात ते ऐकू येतं. कळत नाही."

हे वाक्य घरोघरच्या वृद्धांच्या तोंडी असते आणि बहुधा ते विसराळूपणाच्या किंवा हट्टाच्या खाती मांडले जाते. वास्तविक त्याचा अर्थ अगदी नेमका आहे. वयोमानाने श्रवणशक्ती घटते ती वरच्या कंपनसंख्यांपासून. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, त, थ, फ ही व्यंजने वरच्या पट्ट्यातील, ती प्रथम हरवतात. मग बोलणे चालू आहे हे समजते, पण 'पात' की 'साथ' हे उमगत नाही. अशा वेळी आवाज वाढवला तर स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजने त्यात अधिकच बुडतात. घुमणाऱ्या हॉलमध्ये हा त्रास दुणावतो. टीव्ही पातळ झाल्यापासून त्याचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, हे तिसरे कारण. अडीच लाखांच्या यंत्रणेने यांतील शेवटचे तेवढे दूर केले असते.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे अक्कांची तपासणी झाली. आलेखात ५०० हर्ट्झपर्यंत रेषा बरी होती. दोन हजारानंतर ती पायरीसारखी खाली उतरत गेली होती. दोन्ही कानांना डिजिटल श्रवणयंत्रे सुचवली गेली. ती सरसकट आवाज वाढवत नाहीत, जेथे उणीव आहे तेवढाच पट्टा उचलतात. जोडीची किंमत ७८,००० रुपये. अक्कांनी आकडा ऐकला आणि नको म्हणाल्या. या वयात एवढा खर्च कशाला! ज्या घरात सबवूफरच्या ४०,००० वर महिनाभर गांभीर्याने चर्चा झाली, त्या घरात हा नकार ऐकताना सारेच थोडे ओशाळले.

अण्णांनी जुना कागद पुन्हा काढला. वर 'होम थिएटर' असा मथळा होता. तो खोडून त्यांनी 'ऐकणे' असे लिहिले. खाली क्रमाने आकडे: श्रवणयंत्रे ७८,०००, स्पीकर ३२,०००, अ‍ॅम्प्लिफायर २२,०००, पडदे व गालिचा १६,५००, वायर ६००. एकूण १,४९,१००. उरलेल्या ९०० रुपयांत श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची पाकिटे आली. अण्णा आणि अक्का मिळून रोजचे दोन तास धरले, तर दहा वर्षांत ७,३०० तास होतात, आणि स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च तासाला साडेसात रुपयांच्या आत बसतो. चिरंजीवांसाठी अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरची जोडणी असलेला निवडला आणि कोपऱ्यात त्याचा सॉकेट करून ठेवला. पुढील वर्षीच्या बचतीतून त्याने तो घ्यावा, अण्णांची हरकत नाही. त्याने तूर्त तरी घेतलेला नाही.

श्रवणयंत्रांची सवय व्हायला अक्कांना दीड महिना लागला. पहिले काही दिवस भांड्यांचा खणखणाट असह्य होई आणि यंत्रे डबीत जाऊन बसत. सूनबाईंनी नेटाने रोज थोडा-थोडा वेळ वाढवत नेला. चातुर्मासात एका सकाळी प्रवचन सुरू होते, पडदे ओढलेले होते, नातू शाळेच्या गडबडीत रिमोटशी खेळत होता, आणि आकडा पूर्वीच्या सवयीने ४२ वर गेलेला होता. अक्कांनी मागे वळून त्याला आवाज निम्मा करायला सांगितले.